विश्लेषण : महिला टेनिसची वर्षअखेरची 'फायनल्स' – पुणे, मुंबईतून गेलेली वाट जालन्यापासून किती दूर?

रियाधमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या डब्ल्यूटीए फायनल्समध्ये एलेना रायबाकिनाने आर्यना सबालेन्काला ६-३, ७-६ असे हरवले आणि ५२ लाख ३५ हजार डॉलर, म्हणजे सुमारे ४६ कोटी रुपये जिंकले. या स्पर्धेत एकेरीत आजवर एकही भारतीय महिला खेळलेली नाही. मात्र तिथे पोहोचलेल्या दोन बड्या खेळाडूंच्या वाटेत पुणे आणि मुंबई ही गावे आली होती. ही वाट नेमकी कशी आहे आणि जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या मुलीला त्यावर पहिले पाऊल कुठे टाकता येईल?

डब्ल्यूटीए फायनल्स म्हणजे काय?

वर्षभरातील सर्वोत्तम आठ एकेरी खेळाडू आणि आठ दुहेरी जोड्या यांच्यात हंगामाच्या शेवटी होणारी ही स्पर्धा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत ती पहिल्यांदा झाली आणि ख्रिस एव्हर्ट विजेती ठरली. पुढे अनेक वर्षे ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रंगली. एकेरीची सर्वाधिक आठ विजेतेपदे मार्टिना नवरातिलोव्हाच्या नावावर आहेत.

२०१४ ते २०१८ अशी पाच वर्षे स्पर्धा सिंगापूरला होती. २०१९ मध्ये ती चीनमधील शेन्झेनला गेली, २०२० मध्ये करोनामुळे झालीच नाही. त्यानंतर ग्वादलाहारा, फोर्ट वर्थ, कान्कुन असा दरवर्षी मुक्काम बदलत राहिला. २०२४ पासून तीन वर्षांच्या करारावर ती सौदी अरेबियातील रियाधला आली. महिलांच्या हक्कांबाबत त्या देशावर होणाऱ्या टीकेमुळे या निर्णयावर वादही झाला. पण २०२३ मध्ये ९० लाख डॉलर असलेली एकूण बक्षीस रक्कम २०२४ मध्ये थेट १ कोटी ५२ लाख डॉलरवर गेली.

आठ जणी कशा ठरतात?

जानेवारीपासून मिळालेले गुण मोजून 'रेस' नावाची यादी तयार होते. तिच्यातील पहिल्या सात जणींना थेट प्रवेश मिळतो. आठव्या जागेसाठी एक खास नियम आहे. त्या वर्षी ग्रँडस्लॅम जिंकलेली एखादी खेळाडू आठव्या ते विसाव्या क्रमांकादरम्यान असेल, तर जागा तिला मिळते. तशी कुणी नसेल तर आठव्या क्रमांकाची खेळाडू जाते. २०२४ मध्ये विम्बल्डन विजेती बार्बोरा क्रेजिकोवा याच नियमामुळे आत आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली.

२०२५ मध्ये शेवटची जागा रायबाकिनाने ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यांत मिळवली. सर्वात उशिरा पात्र ठरलेली खेळाडूच विजेती झाली.

एक सामना हरूनही विजेतेपद कसे?

एरवी टेनिसमध्ये हरले की घरी. इथे तसे नाही. आठ जणींचे चार-चारचे दोन गट होतात आणि प्रत्येकीला गटात तीन सामने मिळतात. प्रत्येक गटातून दोघी उपांत्य फेरीत जातात. २०२४ मध्ये कोको गॉफ गटातला एक सामना क्रेजिकोवाकडून हरली, तरी शेवटी विजेती ठरली.

गटातील प्रत्येक विजयाला २०० गुण, उपांत्य फेरीच्या विजयाला ४०० आणि अंतिम विजयाला ५०० गुण मिळतात. म्हणजे एकही सामना न हरता जिंकल्यास १५०० गुण. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण खालच्या पायरीची उंची त्याच्याशी तुलना केल्यावरच कळते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पुण्यात रॉयल इंडियन ओपन ही डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा झाली. हा दर्जा त्याच वर्षी सुरू झाला होता. अंतिम सामन्यात एका बाजूला १८ वर्षांची एलिना स्विटोलिना होती आणि दुसऱ्या बाजूला ४२ वर्षांची किमिको दाते-क्रुम. स्विटोलिना जिंकली. सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, तिने सिंगापूरला स्लोन स्टीफन्सला हरवून डब्ल्यूटीए फायनल्सचे विजेतेपद मिळवले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर १९ वर्षांच्या सबालेन्काने मुंबई ओपन जिंकली. ही स्पर्धाही १२५ दर्जाचीच. तीच सबालेन्का पुढे जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि २०२२ व २०२५ मध्ये फायनल्सच्या अंतिम सामन्यात खेळली.

पुण्यात किंवा मुंबईत जिंकले म्हणून त्या मोठ्या झाल्या, असा याचा अर्थ नाही. मात्र मोठ्या खेळाडूही मधल्या पायऱ्या चढूनच वर जातात आणि त्यातली एखादी पायरी आपल्या राज्यात असू शकते, एवढे यातून दिसते. ती पायरी इथे असली की इथल्या मुलींनाही त्यावर उभे राहता येते. २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये कोइम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली.

भारतीय खेळाडू या स्पर्धेत कुठे?

दुहेरीत उत्तर अभिमानाचे आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि हैदराबादमध्ये वाढलेल्या सानिया मिर्झाने २०१४ मध्ये कारा ब्लॅकसोबत आणि २०१५ मध्ये मार्टिना हिंगिससोबत हे विजेतेपद सलग दोनदा जिंकले. २०१४ च्या अंतिम सामन्याचा निकाल होता ६-१, ६-०.

एकेरीत सानियाचा सर्वोत्तम क्रमांक २७ होता, तोही २००७ मध्ये. त्यानंतर कोणतीही भारतीय महिला तिथवर गेलेली नाही. अनेक वर्षे पुण्यात सराव केलेली अंकिता रैना २०२० मध्ये १६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. पहिल्या आठ जणींपासून हे अंतर फार मोठे आहे.

तळाच्या पायरीवर काय मिळते?

व्यावसायिक टेनिसची सर्वात खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे आयटीएफची डब्ल्यू १५ स्पर्धा. तिची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते. विजेतीला १५ गुण आणि सुमारे दोन लाख रुपये मिळतात. मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्या मुलीच्या हातात येणाऱ्या रकमेतून प्रवास आणि आठवडाभराच्या राहण्याचा खर्चही सहसा निघत नाही.

आता १५०० हा आकडा आठवावा. फायनल्समधील एका आठवड्याचे गुण म्हणजे डब्ल्यू १५ च्या शंभर विजेतेपदांचे गुण. पैशातील दरी त्याहून मोठी आहे. रियाधमध्ये गटातील तिन्ही सामने हरणाऱ्या खेळाडूलाही केवळ सहभागाचे ३ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे जवळपास तीन कोटी रुपये मिळतात. खेळात पैसा आहे, पण तो वरच्या टोकाला आहे. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

जालन्यातील कुटुंबाने यातून काय घ्यावे?

स्टील, बियाणे आणि मोसंबीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातून टेनिस खेळायचे तर पहिला प्रश्न पैशाइतकाच अंतराचा असतो. छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर, पुणे सुमारे ३०० किलोमीटर. स्पर्धेला मुलगी एकटी जात नाही. आई किंवा वडिलांपैकी एकाचा रोजगार, दुकान किंवा शेतीचे काम तितके दिवस बुडते. रॅकेट एकदा घेऊन भागत नाही, तारा आणि चेंडू यांचा खर्च सतत चालू राहतो.

वयाचाही नियम आहे. चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही आणि त्यानंतरही अठरा वर्षांपर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा आहे. त्यामुळे आठव्या-नवव्या वर्षी 'सगळे सोडून फक्त टेनिस' असा निर्णय घेण्याची घाई नसते. त्या वयात शालेय स्पर्धा आणि अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या १२, १४, १६ व १८ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा हीच खरी शिडी आहे.

जागतिक क्रमवारीत नाव येण्यासाठी किमान तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण दहा गुण व्हावे लागतात. म्हणजे पहिले उद्दिष्ट विम्बल्डन नव्हे, तर हे दहा गुण.

शिक्षण सोडावेच लागते, असेही नाही. श्रीरामपूरमध्ये जन्मलेली ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकता शिकता महाविद्यालयीन टेनिस खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. सानिया आणि ऋतुजा या दोघींच्या यशात दुहेरीचा वाटा मोठा आहे. प्रशिक्षकांनी दुहेरीला दुय्यम मानू नये, याचे हे पुरेसे कारण आहे.

पुढे कशाकडे लक्ष ठेवावे?

रियाधचे सामने भारतीय वेळेनुसार संध्याकाळी-रात्री मोबाइलवर पाहता येतात. पण मराठवाड्यासाठी महत्त्वाची बातमी रियाधहून येणार नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर अनेक वर्षांपासून आयटीएफची महिला स्पर्धा होते. सोलापूरनेही अशा स्पर्धा भरवल्या आहेत. महानगर नसलेले शहर हे करू शकते, हे सोलापूरने दाखवले.

यजमान देशाच्या खेळाडूंना वाइल्ड कार्ड मिळते आणि जवळच्या मुलींचा प्रवासखर्च वाचतो. शिवाय आपल्यापेक्षा दीडशे क्रमांक वरची खेळाडू कशी खेळते, हे समोर बसून पाहता येते. दहा गुणांसाठी धडपडणाऱ्या मुलीला याचा उपयोग सर्वाधिक.

त्यामुळे जालन्यातील मुलगी फायनल्सपर्यंत जाईल का, यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न असा की, तिला घरून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर वर्षात किती स्पर्धा होतात? हा आकडा वाढवणे जिल्हा क्रीडा यंत्रणा, राज्य टेनिस संघटना आणि स्थानिक उद्योग यांच्या हातात आहे. त्यासाठी ४६ कोटी रुपये लागत नाहीत. दोन-चार चांगली कोर्ट, प्रकाशझोत, एक प्रशिक्षक आणि दरवर्षी न चुकता भरणारी स्पर्धा एवढ्यावर सुरुवात होते.