विश्लेषण : डॅशबोर्डवरचे दिवे एकदम का लागतात? जुन्या गाडीची बॅटरी का उतरते?

दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी. सकाळी इंजिन सुरू झाल्यावरही चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग आणि पॉवर स्टीअरिंगचे दिवे विझत नाहीत. दोन दिवस गाडी उभी राहिली, तर सेल्फ नुसता ‘कट-कट’ करतो. मग एकेक सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो आणि बिल हजारोंच्या घरात जाते. पण चार यंत्रणा एकाच दिवशी बिघडल्या असतील का?

एकाच वेळी इतके दिवे का?

इंजिन, ब्रेक, एअरबॅग आणि स्टीअरिंग यांचे कंट्रोल युनिट वेगवेगळे असले, तरी त्यांना वीज एकाच बॅटरीतून मिळते. व्होल्टेज घसरले की ही युनिट गोंधळतात, त्यांचा आपसातला संपर्क तुटतो आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावतो. स्कॅनरवर ‘पी०५६२’ (कमी व्होल्टेज) किंवा ‘यू’पासून सुरू होणारे (संपर्क तुटल्याचे) कोड दिसले, तर सेन्सरआधी वीजपुरवठा तपासावा.

बॅटरी खराब की अल्टरनेटर?

साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. काही तास उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२च्या खाली असेल, तर ती जवळपास उतरली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६च्या खाली गेले, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही तसेच झाले तर ती थकली आहे. जुन्या गाड्यांत इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि वायरिंग पाहावे. अशा वेळी नवी बॅटरी टाकली, तरी तीही उतरणारच.

बंद गाडीत वीज कोण खाते?

घड्याळ, सेंट्रल लॉक यांसाठी थोडा करंट लागतोच. ५० मिलिअँपिअरपर्यंत तो सर्वसाधारण मानला जातो. तोच ४०० झाला, तर दिवसाला ९.६ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांची जुनी बॅटरी दोन-तीन दिवसांत हात टेकते. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस, डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे संशयित. निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये मीटर जोडावा, गाडी अर्धा तास लॉक ठेवावी आणि मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, गळती त्या सर्किटमध्ये. एकाही फ्यूजला पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये; मीटरचा फ्यूज उडतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष का नको?

बॅटरीपासून बॉडी व इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी दमट हवेत गंजते. कोकण, मुंबईत तर विशेष. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड आणि सैल नट हीदेखील दिवे लागण्याची कारणे असतात. ती साफ करून नट घट्ट करण्याचा खर्च जवळपास शून्य.

काय टाळावे?

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि ‘डायनामो’ तपासायचा, ही जुनी पद्धत आजही दिसते. त्यातून उसळणारे व्होल्टेज इंजिनाचा ईसीयू जाळू शकते. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागून तापमानही चढू लागले, तर लगेच सुरक्षित जागी थांबावे. काही गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर चालतात. ऑइल किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तरीही गाडी पुढे रेटू नये.

थोडक्यात काय?

सगळे दिवे व्होल्टेजमुळेच लागतात असे नाही. वीजपुरवठा दुरुस्त करून कोड पुसल्यावरही एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा परतला, तर तो बिघाड खरा मानून दुरुस्त करावाच. पण आधी मोजणी, मग सुटे भाग, हा क्रम ग्राहकाने आग्रहाने पाळून घ्यावा. व्होल्टेजचा आकडा न दाखवता सेन्सर बदलायला सांगणाऱ्या गॅरेजला ‘आधी मीटर लावा’ असे सांगण्याचा हक्क बिल भरणाऱ्याला आहे.