पोर्टात आरसा कशाला?

‘इनलेट पोर्ट आरशासारखा घासून दे, पिकप वाढला नाही तर सांग.’ यवतमाळ असो की पुसद, गाडी फिरवणाऱ्या पोरांना हे पटतं, कारण पुरावा घरचाच असतो. विहिरीवरची जुनी सिमेंटची लाइन काढून पीव्हीसी टाकली की पाणी जोरात येतं. मग हवेचं काय वेगळं?

वेगळी आहे ती लांबी. शेतातली लाइन शेकडो फूट, पोर्ट जेमतेम दहा सेंटिमीटर. भिंतीचं घर्षण लांबीबरोबर वाढतं, त्यामुळे इथं त्याचा वाटा मुळातच किरकोळ. हवा खरी अडते ती वळणावर आणि व्हॉल्व्हच्या फटीत. २४ मिलिमीटरच्या पोर्टात हवा सेकंदाला ६० मीटर वेगानं धावली तरी भिंतीलगत सुमारे २५ मायक्रॉनचा संथ थर राहतो. त्या थरात बुडणारे ओरखडे मुख्य प्रवाहाच्या गावीही नसतात. ओतकामातले उंचवटे जरूर काढा. मध्यम एमरी फिरली की काम झालं. पुढची चकाकी गिऱ्हाईकाला दाखवायची.

उलट कार्बोरेटरच्या गाडीत ती नडते. पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसतात. किंचित खरखरीत भिंतीवरून हवा ते पुन्हा उचलते, गुळगुळीत भिंतीवरून त्यांचे ओघळ सिलिंडरकडे जातात. एक्झॉस्ट पोर्ट खुशाल चमकवा, तिथं पेट्रोल नाही आणि काजळीही कमी धरते.

मग पैसे कुठं घालायचे? व्हॉल्व्हची सीट नीट कापून घ्या. सीटखालची धार आणि आतल्या बाजूचं आखूड वळण सफाईनं गोलावून घ्या. गॅसकिट पोर्टात डोकावत असेल तर ते आधी कापा. भोक मात्र उगाच मोठं करू नका; हवेचा वेग पडतो आणि चढावर गाडी दम टाकते. आणि एअर फिल्टर! धूळ नि कापसाच्या तुसानं तो गच्च भरलेला, आणि मालक पॉलिशचा भाव विचारतोय. मे महिन्यात ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्क्यांनी विरळ असते. त्यात फिल्टरचं तोंड इंजिनाच्या गरम बाजूला असलं तर आणखी तोटा.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. बऱ्याच डिझेल हेडांत इनलेट पोर्ट मुद्दाम मळसूत्री ओतलेला असतो, हवा सिलिंडरमध्ये घुमत शिरावी आणि डिझेल नीट मिसळावं म्हणून. तो पीळ घासून ‘सरळ’ केला की हवेचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो बेंचवर आकडा वाढलेला दिसेल, आणि नांगर जमिनीत जाताच सायलेन्सरमधून काळा धूर.