निळ्या दिव्याचा हिशेब

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथे एक सार्वजनिक रुग्णालय होते. १९५६ साली तेथील अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या विभागप्रमुख सिस्टर वॉर्ड या ऊन पडले की मुलांना अंगणात नेत असत. एका पिवळ्या पडलेल्या अर्भकाचे अंग उन्हाने निवळले आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला, हे त्यांनी डॉक्टरांच्या नजरेस आणून दिले. १९५८ मध्ये डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांचा प्रकाशोपचारावरील निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील एका पगारी परिचारिकेच्या निरीक्षणातून ही विद्या जगाला मिळाली. नफ्यावाचून संशोधन खुंटते, असे ऐकवणाऱ्या आमच्या अर्थशास्त्री मित्रांनी याची नोंद घ्यावी.

तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन तयार होते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे यकृत ते बाहेर टाकण्याइतके सक्षम नसते. हे द्रव्य साठून मेंदूत शिरले तर मूल दगावते, किंवा बहिरेपण आणि हातापायांवरचा ताबा सुटणे असे व्यंग जन्मभर राहते. निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनची रचनाच पालटतो, आणि ते यकृतातील रासायनिक प्रक्रियेवाचून पित्तावाटे व मूत्रावाटे निघून जाते. वेळीच प्रकाश मिळाला, तर रक्तबदलाचा जोखमीचा उपाय बहुधा टळतो.

खासगी नर्सिंग होममध्ये या प्रकाशाचे बिल दिवसागणिक चढते. सरकारी रुग्णालयात मात्र आजारी नवजाताची औषधे, तपासण्या, उपचार आणि वाहतूक जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये निःशुल्क आहेत. म्हणजे हक्क आहे. पण दिवा ही एकदाची खरेदी आहे. त्यामागचा खर्च रोजचा असतो, आणि अंदाजपत्रकाची कात्री नेमकी तेथेच चालते. जुनी ट्यूब डोळ्यांना प्रखर भासत असतानाही तिची उपचारशक्ती ओसरलेली असते. ती मापकानेच कळते. वीज खंडित होते, रक्ततपासणीचा अहवाल उशिरा येतो, रात्रपाळीला परिचारिका पुरेशा नसतात. अशा ठिकाणी दिवा पेटलेला दिसतो, उपचार होतोच असे नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून १० अर्भके मृत्यू पावली. यंत्रांच्या उद्‌घाटनाला मंत्री येतात. तारा, जोडण्या आणि मनुष्यबळ यांचे उद्‌घाटन होत नसते.

‘कोवळे ऊन दाखवा’ हा सल्ला गरिबाच्या पदरी सहज टाकला जातो. उघड्या उन्हात अपुऱ्या दिवसांचे मूल गारठते वा भाजते, आणि मोलाचे तास निघून जातात. नायजेरियात अतिनील व उष्ण किरण गाळणाऱ्या छताखालच्या उन्हाचा उपयोग झाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पण तेथेही मुलांचे तपमान वारंवार मोजणारी प्रशिक्षित माणसे होतीच.

आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न लेखी विचारावेत. दिव्यांची शक्ती शेवटची कधी मोजली? वीज गेल्यावर कक्ष कशावर चालतो? रात्री एका परिचारिकेकडे किती अर्भके असतात? उत्तरे तालुक्याच्या सभेत वाचून दाखवावीत आणि जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावीत.