उजेड हातातून डोक्यावर घ्या

रात्री रस्त्याच्या कडेला स्टेपनी बदलणारा माणूस पाहा. एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाइल. नट सैल करायला दोन्ही हातांचा जोर लागतो, म्हणून मोबाइल दातांत धरला जातो, नाहीतर टायरवर टेकवला जातो आणि तिथून घसरतो. घरात एमसीबी पडला की स्टुलावर चढणाऱ्याची हीच गत. शेतातली अडचण याहून मोठी. खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, आणि पाण्याची दारं मोडायला वाकायचं म्हणजे बॅटरी बांधावर ठेवायची. पाय चिखलात कुठे पडतोय हे पाहायची गरज असते नेमकी तेव्हाच, आणि तेव्हाच उजेड भलतीकडे असतो.

म्हणून कळकळीने सांगतो, घरात डोक्याला बांधायची एक बॅटरी असू द्या. दुकानदार तिला हेडटॉर्च म्हणतात, कोणी हेडलॅम्प म्हणतात. पूर्वी ती गिर्यारोहकांची आणि खाणकामगारांची वस्तू होती. आता एलईडीमुळे ती मुठीत मावते आणि काहीशे रुपयांत मिळते. मान वळेल तिकडे उजेड वळतो आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात.

सगळ्यात आधी ती हवी रात्री पाणी धरणाऱ्याला. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातले बहुतेक खेड्यांतले आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. मण्यार रात्रीच फिरते. घोणस पाचोळ्यात अशी मिसळून बसते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. पण ज्या शिवारात अजून रात्रीची पाळी आहे, तिथल्या शेतकऱ्याला योजना पुरी होईपर्यंत थांबता येत नाही. त्याच्या पायात गमबूट आणि कपाळावर दिवा आजच हवा. दोन्ही हवेत. बूट नसतील तर नुसत्या दिव्याच्या भरवशावर उसात शिरू नका.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या वाचकांना आणखी एक सांगायचं आहे. बिबट्याच्या डोळ्यांवर पडलेला उजेड जिथून आला त्याच दिशेने परत फिरतो. दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला तर ती चमक सरळ आपल्या नजरेत येते; कमरेजवळ धरलेल्या बॅटरीने ती निसटू शकते. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत. तेव्हा काही चमकलं नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असं कधीही धरू नका.

आता विकत घेताना. खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. चालायला शंभर ल्यूमेनचा उजेड पुरतो, आणि जवळचं काम, म्हणजे वायर जोडणं, जखम बांधणं, औषधाच्या बाटलीवरचं वाचणं, याला वीस-तीसच बरे. त्याहून जास्त उजेडाने डोळे दिपतात आणि सेल लवकर उतरतो. म्हणून जास्तीत जास्त प्रकाश किती पडतो यापेक्षा कमीत कमी किती करता येतो, हे दुकानात बटण दाबून पाहा. चार्जिंगच्या बॅटऱ्यांत बहुधा 18650 नावाचा सेल असतो. तो 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची ताकद साधारण 3500 एमएएच असते. त्यावर 9900 लिहिलेलं दिसलं तर ते खोटं आहे. तो सेल ठेवून द्या आणि त्याची बॅटरीही घेऊ नका. जो आकड्यात फसवतो त्याच्या चार्जिंगच्या सर्किटवर भरवसा कशाला ठेवायचा?

पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स 4 लिहिलेलं हवं. त्याचा अर्थ, कुठूनही शिंतोडे आले तरी चालेल. ओढ्यात, पाटात पडण्याची शक्यता असेल तर आयपीएक्स 7 घ्या. ती मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. पट्टा डोक्याला बांधून मान खाली-वर करून पाहा. दिवा घसरत असेल, किंवा त्याचं तोंड खाली वळत नसेल, तर बाकी सगळं चांगलं असूनही उपयोग नाही. लाल उजेड असेल तर उत्तम. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात; पांढऱ्या झोताने तो सराव क्षणात मोडतो, मंद लाल उजेडाने फारसा मोडत नाही. शिवाय पावसाळ्यात पांढऱ्या दिव्याभोवती किडे जमून तोंडावर येतात, तेही लाल दिव्याकडे कमी येतात.

गाडीतली बॅटरी डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत काचेखाली इतकं तापतं की लिथियमचा सेल लवकर खराब होतो, फुगतोही. सीटखाली ठेवा. गाडीसाठी साध्या पेन्सिल सेलवर चालणारी घेतली तर आणखी बरं, पण सेल बाहेर काढून शेजारी ठेवा, कारण महिनोन्‌महिने आत राहिलेला सेल पाझरतो आणि आतली पत्री खातो. ज्यांना डोक्याला पट्टा नकोसा वाटतो त्यांच्यासाठी बुडाला चुंबक असलेले छोटे दिवे मिळतात. ते बॉनेटच्या पत्र्याला चिकटतात. घरातल्या वयस्कर माणसांना गळ्यात अडकवायचा दिवा सोयीचा पडतो. घरातली बॅटरी मात्र एकाच खिळ्याला, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी टांगलेली हवी. आणि गॅसचा वास आला तर तिचंही बटण दाबू नका. आधी खिडक्या उघडा.

डोंगरात जाणाऱ्यांना हेडटॉर्च नवी नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर किंवा हरिहरच्या पायऱ्यांवर अंधारात दोन्ही हात लागतात, तिथे मोबाइलचा उजेड घेऊन जाणं हा निव्वळ अविचार आहे. धुक्यात मात्र डोक्यावरचा दिवा फसवतो. धुक्यावरून उजेड परततो आणि डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा तो काढून हातात, कमरेच्या खाली धरा. वाटेचे खड्डेही मग सावल्यांमुळे नीट कळतात. कुणाशी बोलताना दिवा खाली वळवा, समोरच्याचे डोळे दिपवू नका. मे-जूनमध्ये राजमाची किंवा भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलात तर तिथे तो बंदच ठेवा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीच्या खुणा असतात, आणि आपल्या झोतात त्या हरवतात.

शेवटची विनंती ज्यांच्या शेतावर सालगडी किंवा वाटेकरी रात्री पाणी धरतो त्यांना. फावडं तुम्ही देता, तसेच गमबूट आणि हेडटॉर्चही तुम्हीच द्या, त्याच्या मजुरीतून कापू नका. दोन्हींचा खर्च मिळून खताच्या एखाद-दुसऱ्या गोणीएवढा आहे. पुढच्या रात्रीच्या पाळीआधी आणा.