गेले की घालविले?

'धरण झाले आणि मुळशीची माणसे गाव सोडून गेली,' हे वाक्य आमच्या कानांवरून व डोळ्यांखालून इतक्या वेळा जाते की, त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. आम्हास मात्र त्यातील शेवटचे क्रियापद खटकते, आणि ते का खटकते हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे. माणूस जातो, तेव्हा जाण्याची इच्छा त्याची असते. ज्याच्या चुलीपर्यंत पाणी चढविले त्याने गाव सोडले असे म्हणणे, म्हणजे छप्पर पेटवून घरवाला बाहेर पडला असे म्हणण्यासारखेच होय.

गाव सोडून जाणे याचा खरा अर्थ पाहावयाचा असेल तर हॉलंडकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या चिमुकल्या देशातून लाखो माणसे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदेशी गेली. घरांची टंचाई होती, शेतकऱ्याच्या धाकट्या मुलास वाट्याला येईल अशी जमीन उरली नव्हती, आणि युद्धाने मनेही विटली होती. १९४७ साली 'वॉटरमन' नावाची बोट शेतकरी कुटुंबे घेऊन कॅनडास गेली व मागून अशा अनेक बोटी गेल्या. त्या लोकांनाही धक्क्यावर रडू फुटले असेल. जन्मभूमी सोडताना कोणास फुटत नाही? परंतु त्यांच्या हाती तिकीट होते, त्यांच्या सरकारने प्रवासखर्चास हातभार लावला होता, पलीकडे काम ठरलेले होते, आणि मुख्य म्हणजे मागे राहिलेले गाव जागच्या जागी होते. तेथे पत्र पाठविता येत होते. मुळशीकराने पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवावे?

याच हॉलंडची दुसरी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. मुळशीत धरणाचे काम चालू होते त्याच सुमारास तेथेही एका प्रचंड बांधाची तयारी चालली होती. १९१८ साली त्यासाठी कायदा झाला, आणि १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाने झाउडर समुद्राचे तोंड बंद झाले. आम्ही पाण्यासाठी जमीन बुडविली, त्यांनी जमिनीसाठी पाणी हटविले, एवढा भेद तर आहेच. पण आम्हास सांगावयाचे आहे ते निराळे. त्या समुद्रावर मासे मारून जगणाऱ्या कोळ्यांचा धंदा या बांधाने बुडणार होता. म्हणून बांध पुरा होण्यापूर्वी सात वर्षे, १९२५ साली, त्या कोळ्यांच्या साहाय्यार्थ तेथील विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला. ते साहाय्य सर्वांस पुरले असे आम्ही म्हणत नाही. परंतु राष्ट्राच्या कामासाठी ज्याची भाकर जाते त्याच्या भाकरीचा विचार राष्ट्राने आधी करावयाचा असतो, एवढे तत्त्व तरी त्यांनी कायद्यात लिहून ठेवले.

आता आपल्याकडे वळू. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात, आंबेमोहोर भाताच्या खाचरांत, पन्नासांच्या आसपास मावळी गावे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. टाटांच्या वीज कंपनीस तेथे धरण हवे होते. भीमेकडे जाणारे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्यास उतरवावयाचे आणि त्यावर उत्पन्न झालेली वीज मुंबईस न्यावयाची, अशी ती योजना. तिच्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा पुढे केला. या कायद्यात जमिनीची किंमत होती. जमिनीबद्दल जमीन नव्हती, घराबद्दल घर नव्हते, आणि मालकाच्या संमतीचा तर प्रश्नच नव्हता.

मावळे मुकाट्याने गेले काय? मुळीच नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले. बापटांस 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. बायकापुरुषांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिले. लढा मोडत आला तेव्हा बापटांनी आगगाडी अडविली व सात वर्षांची शिक्षा भोगली. तीन वर्षांहून अधिक काळ जे 'आम्ही जाणार नाही' असे सांगत होते, त्यांच्याविषयी 'ते गेले' असे लिहिण्यास आमची लेखणी धजते तरी कशी?

यावर आमचे काही विद्वान मित्र तीन आक्षेप घेतात. पहिला असा की, वीज राष्ट्रास हवी होती, आणि कंपनी परकी नसून स्वदेशी होती. मान्य. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले, मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या, आणि त्या उद्योगाची आम्हासही किंमत आहे. पण राष्ट्रास वीज हवी होती, तर तिचे मोल राष्ट्राने द्यावयास हवे होते; ते एकट्या मावळ्याकडून का वसूल केले? कारखाना स्वदेशी आणि मावळा काय विलायती होता?

दुसरा आक्षेप असा की, मोबदला दिला होता. दिला होता, पण कोणास? त्या खोऱ्यातील पुष्कळशी जमीन सावकारांकडे गहाण पडली होती किंवा त्यांच्या नावे चढली होती. हे सावकार पुण्याचे, पांढरपेशे. स्पष्टच बोलावयाचे तर आमच्याच आजे-पणज्यांपैकी. लढा सुरू झाला तेव्हा त्यांचीही सहानुभूती होती. पुढे मोबदल्याचा आकडा दिसू लागला तशी ती पातळ झाली. सावकार किमतीची घासाघीस करू लागले, आणि कूळ 'जमीन देणार नाही' म्हणत एकटे पडले. मोबदला कागदावर ज्याचे नाव त्याला मिळाला. बुडाले ते मात्र नांगर धरणाऱ्याचे शेत. ही गोष्ट आम्हा सुशिक्षितांस ऐकण्यास कडू लागते, म्हणूनच ती वारंवार सांगितली पाहिजे.

तिसरा आक्षेप मोठा तत्त्वज्ञानाचा आहे. माणूस हा मुळातच फिरस्ता. आज तुमची मुलेही परदेशी जातात, मग मावळ्याच्या जाण्याचे एवढे दुःख कशाला? याचे उत्तर मुळशी तालुक्यातच मिळते. त्याच तालुक्यातील हिंजवडीस गेल्या शतकाच्या अखेरीपासून माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली. तेथे नोकरी करणारी आमची मुले-मुली अमेरिकेस जातात, हॉलंडासही जातात. विमानतळावर आम्ही त्यांस पेढा देतो, डोळे पुसतो आणि घरी येऊन शेजाऱ्यांस अभिमानाने सांगतो. जावे त्यांनी अवश्य. जगाचे दार उघडे असणे ही भाग्याचीच गोष्ट आहे. परंतु ज्यास परत येता येते त्याच्या जाण्याला, आणि ज्याच्या परतीच्या वाटेवर पाणी उभे आहे त्याच्या जाण्याला, एकच शब्द लावणे हा भाषेचा गैरवापर होय.

आणि भाषेचा गैरवापर हा निरुपद्रवी असतो असे कोणी समजू नये. 'ते गेले' म्हटले की हिशेब मिटतो. 'त्यांस घालविले' म्हटले की, कोणी, कशासाठी, आणि बदल्यात काय दिले, हे तीन प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न आम्ही वेळीच विचारले नाहीत, म्हणून प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रास १९७६ साली मिळाला; मुळशीनंतर तब्बल ५५ वर्षांनी. तोपर्यंत कोयनेचे खोरे पाण्याखाली गेलेही होते. १८९४ चा तो कायदा तर इंग्रज गेल्यावरही आम्ही जपून ठेविला. त्याच्या जागी नवा कायदा येण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

आमचे मागणे फार नाही. धरणे बांधूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. दिव्याखाली बसून हा लेख लिहिताना तसे म्हणणे ढोंगाचे होईल. पण ज्याची जमीन घ्यावयाची त्याची संमती आधी घ्यावी. त्याची नवी वस्ती उभी राहिल्यावाचून जुनीत पाणी सोडू नये. मोबदला सात-बाऱ्यावरील नावाबरोबरच कसणाऱ्या हातासही मिळावा. आणि मुळशीच्या जलाशयाकाठी सुटीच्या दिवशी डबे घेऊन जाणाऱ्या आमच्या कुटुंबांनी, पाणी किती सुंदर आहे हे मुलांस दाखविताना, त्या पाण्याखाली काय आहे हेही त्यांस सांगावे. सांगताना क्रियापद तेवढे बरोबर वापरावे.