चक्राची हद्द

माझ्या मोटारीचा भोंगा गेल्या महिन्यात बिघडला. पण ‘बिघडला’ हे क्रियापद येथे पुरेसे नाही, कारण तो पुरता मुका झाला असता तर त्या मौनाची सवय तरी झाली असती. चक्र सरळ असताना कितीही दाबा, आवाज नाही. तेच डावीकडे पाव फेरा वळवून दाबले, की खणखणीत ललकारी. म्हणजे समोरच्याला सावध करायचे, तर आधी डावीकडच्या कुणाच्या तरी अंगावर गाडी घालणे आले. सुरतेच्या रिंगरोडवर, सहारा दरवाजाच्या अलीकडे, जेथे कापडाच्या ताक्यांनी शिगोशीग भरलेले टेंपो, त्यांच्या बगलेतून वाट काढणाऱ्या हातगाड्या, आणि भर रस्ता हा आपल्याच दुकानाचा ओटा आहे अशा समजुतीने उभ्या उभ्या सौदे करणारे दलाल यांची सरमिसळ दिवसभर चाललेली असते, तेथे असली मोटार चालवणे म्हणजे गर्दीच्या लिलावात हात खिशात घालून उभे राहण्यासारखे आहे.

कायद्याचीही या बाबतीत मोठी मौज आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील १९४ फ या कलमान्वये विनाकारण भोंगा वाजवणाऱ्यास पहिल्या खेपेस १,००० रुपये आणि पुढच्या खेपेस २,००० रुपये दंड आहे. उलट प्रत्येक मोटारीला चालू भोंगा असलाच पाहिजे, असाही नियम आहे. जवळ असावा परंतु वापरू नये, हा शिरस्ता मला नवा नाही. सरकारी कचेरीत माझी हयात गेली; तेथे साहेबांच्या टेबलावरची घंटा याच तत्त्वावर ठेवलेली असे.

ज्या कारखान्यात मी गाडी प्रथम नेली, त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेथील कारागिराने भोंगा काढला, दुसरा बसवला, बिल हाती ठेवले, आणि नव्या भोंग्याने जुन्याचे धोरण तंतोतंत पुढे चालवले: सरळ असताना मौन, डावीकडे वळताच ललकारी. आणखी एक गोष्ट मी तेथे सांगितली नाही, कारण ती मला सांगण्याजोगी वाटलीच नव्हती. समोरच्या तबकड्यांत एक तांबडा दिवा चार महिन्यांपासून जळत होता. बसलेल्या माणसाच्या पोटापुढे एक वर्तुळ असे त्याचे चित्र. मी समजत होतो की तो पट्टा बांधण्याची आठवण करतो आहे, आणि पट्टा तर मी बांधतच होतो.

शेवटी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून उधन्याच्या एका गल्लीत गेलो. उधना, लिंबायत, पांडेसरा हा मुलूख नकाशात गुजरातेत असला तरी कानांना खानदेशातला वाटतो. जळगावहून येणारी रेल्वे उधन्याला उतरवते आणि पिढ्यान्पिढ्या माणसे तेथेच उतरत आली. गॅरेजवाल्या तरुणाने ‘काय व्हयनं, काका?’ असे अहिराणीत विचारले, मग माझे पुणेरी वळणाचे उत्तर ऐकून तोही सावरून प्रमाण मराठीत आला. भोंग्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. चक्रावरची रेडिओची बटणे दाबून पाहिली. तीही मेलेली होती. मग दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘हा केव्हापासून लागतो?’’ मी मुदत सांगितली. ‘‘मग चार महिने तुमची एअरबॅग बंद आहे. भोंगा धडधाकट आहे, काका. स्पायरल केबल गेली. स्टेरिंग उतरवावं लागेल.’’

चाके सरळ करून, किल्ली काढून, दहा नंबरच्या पान्याने त्याने बॅटरीची ऋण तार सोडवली आणि चहा मागवला. मला वाटले, कामचुकार दिसतो. पण तो चहा हा कामाचाच भाग होता. टक्कर होऊन बॅटरीच चिरडली तरी पिशवी फुगली पाहिजे, म्हणून तिच्या यंत्रणेत थोडी वीज स्वतंत्रपणे साठवलेली असते. ती ओसरायला काही मिनिटे द्यावी लागतात, आणि ती न देता हात घालणाऱ्याच्या तोंडावर पापणी लवण्याच्या आत तो स्फोट होऊ शकतो. जॉन हेट्रिक नावाच्या अमेरिकन अभियंत्याला आपल्या कुटुंबासह झालेल्या अपघातानंतर या पिशवीची कल्पना सुचली आणि १९५३ साली तिचे पेटंट मिळाले; आपल्याकडे चालकापुढची पिशवी नव्या मोटारींना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. मधल्या काळात किती छात्या नुसत्या चक्रावर आपटल्या असतील, हा विचार त्या चहाबरोबर नीट गिळला गेला नाही.

‘‘डिसमिस दे रे,’’ तो पोऱ्याला म्हणाला. सुरतेच्या सर्व कारखान्यांतून पेचकसाला डिसमिस म्हणतात. आमच्या कचेरीत हा शब्द वेगळ्या अर्थाने उच्चारला जाई आणि तो ऐकताच भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडे. येथे एक पोऱ्या तो शर्टाला पुसून हसतमुखाने आणून देतो. चक्राच्या मागच्या अंगाने दोन पेच ढिले होताच मधली गादी अलगद बाहेर आली. तिचे पिवळे जोड सोडवून त्याने ती मागच्या आसनावर ठेवली, मऊ तोंड वर करून. उलटी ठेवली आणि दुर्दैवाने फुगली, तर ती स्वतःच छताला भिडेल.

गादी गेल्यावर चक्राच्या मध्यभागी एक जाडजूड नट तेवढा उरला. त्याकडे पाहताना मला सुकाणू हा शब्द आठवला. अरबी खलाशांचा ‘सुक्कान’ याच किनाऱ्यांवर उतरून आपल्या भाषांत रुळला; गुजराती वृत्तपत्रे आजही क्रिकेटच्या कर्णधाराला सुकानी म्हणतात. आणि गंमत अशी की आरंभीच्या मोटारींना चक्र नव्हतेच, होडीला असतो तसा दांडाच होता. १८९४ च्या पॅरिस ते रुआँ या शर्यतीत आल्फ्रेड वाशरोन याने आपल्या गाडीला दांड्याऐवजी चक्र बसवले, तेव्हापासून सारथ्याच्या हाती हे वर्तुळ आले. तात्पर्य, मोटारीच्या चक्राला सुकाणू म्हणण्यात कोशकारांनी कसलीही ओढाताण केलेली नाही.

नट त्याने गोटी पान्याने सैल केला, पण काढला नाही. दोनतीन आटे तसेच राखले. मग चक्र आणि दांडा यांवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढून, दोन्ही हातांनी चक्र डावे-उजवे हिसडत तो ते आपल्याकडे ओढू लागला. ‘‘पुरा काढला असता तर एवढ्या जोरात सुटून दातावर बसलं असतं,’’ असे म्हणून त्याने आपला अर्धा तुटलेला दात दाखवला. शास्त्राला याहून चांगला दाखला नको.

चक्र उतरले, आणि त्यामागे तळहाताएवढी एक चपटी, काळी, प्लास्टिकची डबी दिसली. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप! जुनी डबी त्याने माझ्यासमोर फोडली. आत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक पातळ फीत होती, आणि तिच्या पारदर्शक कातड्याखाली तांब्याच्या चपट्या वाटा चमकत होत्या. सुरतेचे जरीवाले मुलामा दिलेली तार चेपून जो बादला काढतात आणि तो रेशमावर चढवून कलाबतू करतात, त्याच जातीचे हे नाजूक काम; फक्त येथे त्याने पदर सजवायचा नसून निरोप पोचवायचा असतो. एके ठिकाणी, जेथे फीत दुमडून वळत होती, तेथे केसाएवढी चीर गेली होती. चक्र डावीकडे वळले की चिरेची दोन तोंडे एकमेकांना टेकत. सरळ झाले की दुरावत.

जुन्या मोटारींत हा मामला पितळी कड्यावर भागे. कडे चक्राबरोबर फिरे, एक टोक त्यावर घासत राही, आणि भोंगा क्षणभर खरखरला म्हणून कुणाचे प्राण जात नसत. पिशवीला जाणारा विजेचा निरोप मात्र जन्मात एकदाच जायचा आणि तो चुकून भागायचे नाही. तेथे घासणाऱ्या कड्याला कोण जामीन राहणार? तार अखंडच हवी, आणि फिरत्या वस्तूला अखंड तार बांधली की ती पिळवटून तुटणार. या पेचातून ज्याने वाट काढली, त्याने चक्राकडे आपल्यापेक्षा नीट पाहिले असले पाहिजे. बैलगाडीचे चाक फिरते तसे हे चक्र अनंत फिरत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फेरे, की त्याची हद्द झाली. ज्याच्या भ्रमंतीला हद्द आहे, त्याला तार बांधता येते; त्या हद्दीपुरती ढील तेवढी गुंडाळून ठेवायची, म्हणजे एकीकडे फिरताना फीत आवळते आणि दुसरीकडे फिरताना सैलावते. एवढी साधी युक्ती, आणि ती मला साठी उलटल्यावर एका गल्लीत कळली.

यातच खरी मेख आहे. नवी डबी बसवण्यापूर्वी त्याने ती उजवीकडे हलक्या हाताने अडेपर्यंत फिरवली, मग ओठांतल्या ओठांत मोजत उलट अडीच फेरे आणली आणि तिच्यावरचे दोन बाण समोरासमोर आणले. फीत बरोबर मध्यावर नसेल, तर एका अंगाला ढील जास्त उरते, दुसऱ्या अंगाला कमी पडते, आणि पहिल्याच अरुंद वळणावर नवी फीत तुटते. ‘‘बाबा साच्यावर होते,’’ तो मोजून झाल्यावर म्हणाला. सुरतेत यंत्रमागाला साचा म्हणतात. ‘‘बाण्याचा तार तुटला की साचा आपला आपण थांबतो. गाडीचं तसं नाही, काका. ती दिवा लावते आणि चालत राहते.’’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मीच तो लावून घेतला.

सर्व जोडून झाल्यावर भोंगा चारही दिशांना वाजला, परंतु चक्र किंचित कलते बसले होते. पांढरी रेघ एका दात्याने चुकली होती. त्याने कुरकुर न करता पुन्हा बॅटरी सोडवली, पुन्हा मुदत धरली, पुन्हा चहा आला. दिवा तरीही विझेना. गाडीच्या दप्तरात दोषाची नोंद झालेली होती, आणि दोष दूर झाला तरी नोंद आपोआप खारीज होत नाही, हे ऐकून मला प्रथमच त्या यंत्राविषयी आपुलकी वाटली. त्याने एक छोटे उपकरण जोडून ती रीतसर पुसली.

जुनी फीत मी मागून घरी आणली. गॅलरीत उलगडून पाहिली तर पाच-सहा हात भरली. वाचनालयातील मित्रांना दाखवावी म्हणून मी ती कठड्यावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पाहतो तो सौभाग्यवतींनी त्या फितीने गोकर्णीचा वेल गजाला बांधून टाकला होता, आणि चीर गेलेल्या जागी एक गाठ मारली होती.