यादी लांबलचक, इंजेक्शन मात्र नाही

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात हल्ली ‘फूड ॲलर्जी पॅकेज’ असतंच. थोडं रक्त द्यायचं, काही हजार रुपये मोजायचे, की चार दिवसांनी मोबाइलवर रंगीत पीडीएफ येते. शंभरएक पदार्थ आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा. ती घेऊन आई-वडील ओपीडीत येतात. मुलाच्या लाल पट्ट्यात काजू, बदाम, गहू, टोमॅटो, केळं. “डॉक्टर, आता ह्याला द्यायचं तरी काय?” मी विचारते, यातलं काय खाल्ल्यावर त्याला काय झालं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. “खाऊन तसं काही झालं नाही हो, पण रिपोर्टात आलंय ना.”

याच्या अगदी उलट दुसरं कुटुंब. मुलीने लग्नात काजू कतलीचा एक तुकडा खाल्ला, दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोन उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एव्हिलचं इंजेक्शन मिळालं, सकाळपर्यंत उतरलं. “पित्त उठलं होतं” म्हणून विषय संपला. ना तपासणी, ना निदान, ना पुढच्या वेळची तयारी. सुक्यामेव्याच्या ॲलर्जीत आपली गाडी नेमकी इथे अडते. ज्यांना ती नाही त्यांना आपण शंभर पदार्थांची यादी देतो आणि ज्यांना आहे त्यांना आमसुलाचं पाणी.

आधी त्या पीडीएफबद्दल. यातली काही पॅकेजं रक्तातली आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. ती तुम्ही तो पदार्थ खाता याची खूण आहे, ॲलर्जीची नव्हे. अमेरिका, युरोप आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी अन्नाच्या ॲलर्जीसाठी करू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. तरी ती विकली जाते, कारण लाल पट्टे दिसले की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

दुसरी चाचणी आयजीईची. हे प्रतिद्रव्य १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधलं. तत्काळ उसळणाऱ्या ॲलर्जीमागे तेच असतं, त्यामुळे चाचणी खरी आहे. गफलत होते ती अर्थ लावताना. रक्तात काजूविरुद्ध आयजीई सापडणं याला ‘संवेदनशीलता’ म्हणतात. ती असलेली कितीतरी माणसं रोज काजू खातात आणि त्यांना काही होत नाही. हे शेजारच्या कर्नाटकातच मोजलं गेलं आहे. बेंगळुरू आणि म्हैसूरमधल्या प्रौढांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलेले लोक होते सुमारे २६ टक्के. लक्षणं आणि चाचणी जुळवून पाहिल्यावर ॲलर्जी असण्याची शक्यता उरली ती फक्त १.२ टक्के लोकांत. सगळ्यांचे पॅनेल काढून लाल पट्ट्यांवर विश्वास ठेवला असता, तर एका रुग्णामागे वीसएक धडधाकट माणसांच्या ताटातलं अन्न आपण काढून घेतलं असतं. लहान मुलांत याचा परिणाम वजनावर दिसतो.

म्हणून निदानाची सुरुवात सुईने होत नाही, प्रश्नांनी होते. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, त्या आधी आणि नंतर तोच पदार्थ कधी पचला का? सुक्यामेव्याची खरी ॲलर्जी सहसा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. काल खाल्लेल्या बदामाने आज डोकं दुखलं, हे या खात्यात बसत नाही.

‘काय खाल्लं’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विदर्भ-मराठवाड्याकडचा डिंकाचा लाडू घ्या. त्यात काजू, बदाम, अक्रोड आले, खारीक-खोबरं आलं, खसखस आली, चारोळी आली, आणि घरची रीत असेल तर गोडंबीही आली. आई म्हणते, “लाडू खाल्ला.” डॉक्टरने लाडू फोडून पाहायला हवा. वनस्पतिशास्त्रात यांची कुळं निरनिराळी आहेत आणि ॲलर्जी पुष्कळदा त्या कुळांप्रमाणे चालते. काजू आणि पिस्ता इतके जवळचे की एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याची बहुधा असतेच. अक्रोड आणि पिकान यांचंही तसंच. बदामाची सोयरीक पीच-जर्दाळूशी. शेंगदाणा तर मुळात कडधान्यांतला, तूर-हरभऱ्याचा भाऊ. पण काहींना शेंगदाणा आणि झाडावरचा सुकामेवा दोन्ही सोसत नाहीत, म्हणून तोही विचारायचा. नारळाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कित्येक वर्षं सुक्यामेव्याच्या यादीत कोंबलं होतं आणि जानेवारी २०२५मध्ये बाहेर काढलं. कोकणातल्या माणसाला याचं हसू येईल. अक्रोडाची ॲलर्जी आहे म्हणून सोलकढी बंद करण्याचं काही कारण नाही.

आता आपल्याकडचा पेच असा, की काजू-पिस्त्याच्या त्याच कुळात आंबा आहे, श्रीखंडावरची चारोळी आहे आणि बिब्बाही आहे. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्याच आतला गर. परदेशी पुस्तकांत छापलेल्या यादीत चारोळी आणि गोडंबी सापडणार नाहीत. काजूची खात्रीशीर ॲलर्जी असलेल्या मुलाला त्या दोन्ही देण्याआधी मी थांबते, आणि माझ्या मते प्रत्येकाने थांबावं.

बिब्ब्याचा विषय निघालाच आहे तर एक घोळ इथेच सोडवलेला बरा. बिब्बा उतणं सगळ्यांना माहीत आहे: तेल लागलेल्या जागी एक-दोन दिवसांनी कातडी लाल होते, फोड येतात, पाणी सुटतं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख चोळून बसतात ते याच जातीच्या चिकासाठी. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून होतं तेही हेच. ही ॲलर्जीच, पण संथ गतीची. ती पांढऱ्या पेशी घडवतात, आयजीईचा तिच्याशी संबंध नाही, आणि तिने घसा आवळून जीव जात नाही. ज्या बाईचे हात काजूच्या कवचाने उततात तिला काजूगर खाता येतो. उलट ज्या मुलीला कतलीने उलट्या झाल्या तिचे हात कवचाने उततीलच असं नाही. दोन्हींना एकच नाव देऊन निदानात बिब्बा घालणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत.

गोष्ट नीट ऐकून एक-दोन संशयित ठरले की मग तपासणी, तीही तेवढ्याच पदार्थांची. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात. प्रत्येक खुणेवर एकेक थेंब: काजूचा, पिस्त्याचा, एक हिस्टामिनचा (गांधी उठवणारं रसायन) आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्यासारख्या द्रावणाचा. थेंबातून बारीक टोकाने कातडीला जेमतेम टोचतात, रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत हिस्टामिनच्या जागी डास चावल्यासारखी गांधी यायलाच हवी. ती आली नाही तर पेशंटने सकाळी सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतलेली असते आणि सगळी तपासणी वाया जाते. (आठवडाभर आधी या गोळ्या बंद करा असं सांगितलेलं असतं. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं हे कुणी सांगितलेलं नसतं.) काजूच्या जागची गांधी साध्या द्रावणापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर चाचणी होकारार्थी. गांधी जितकी मोठी तितकी ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. पण झटका किती जोराचा येईल हे तिच्यावरून कळत नाही. हे वाक्य मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते.

रक्तातही आता अख्ख्या काजूऐवजी त्यातल्या एकेका प्रथिनाविरुद्धचं आयजीई मोजता येतं. काजूत ‘ॲना ओ ३’ नावाचं साठवणीचं प्रथिन आहे. ते भाजून, तळून, पाकात घालून सहजी मोडत नाही. त्याच्याविरुद्ध आयजीई असेल तर संशय पक्का होतो. आणि गोष्ट व चाचणी जुळतच नसतील, तर शेवटचा शब्द खाऊन पाहण्याच्या परीक्षेचा. रुग्णालयात, सलाइनची तयारी ठेवून, काजूच्या कणापासून सुरू करून थोड्या थोड्या वेळाने मात्रा वाढवत न्यायची आणि नंतर दोन-तीन तास थांबायचं. अर्धा दिवस जातो. आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी हे होतं, कारण त्यात डॉक्टरचा वेळ जातो आणि बिल पॅनेलपेक्षा फार मोठं होत नाही.

निदान पक्कं झालं की टाळणं आलं, आणि ते घरात जमतं. गोची बाहेर होते. हॉटेलची पांढरी किंवा शाही ग्रेव्ही म्हणजे बहुतेक वेळा काजूची पेस्ट, आणि मेन्यूवर ते लिहिलेलं नसतं. पाकीटबंद मालावर २०२०च्या लेबल नियमांनुसार सुकामेवा आणि शेंगदाणा असल्याचं छापणं सक्तीचं आहे. ट्रेमधल्या सुट्या मिठाईवर तसं काही नसतं. तिथे एकाच सुरीने काजू कतली आणि खव्याचा पेढा उचलला जातो. वर पिस्ता म्हणून भुरभुरलेलं हिरवं काही हे रंगवलेले शेंगदाणे असण्याचे प्रकारही अन्न निरीक्षकांच्या छाप्यांत उघड झाले आहेत. ही भेसळ आपण पैशाची लबाडी म्हणून मोजतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या एका भारतीय पद्धतीच्या रेस्तराँने बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेली स्वस्त पूड वापरली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला ग्राहक २०१४ साली त्यात दगावला आणि २०१६ साली मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावण्याची सक्ती ऑक्टोबर २०२०पासून आली. त्याच पाटीवर ‘काजू, पिस्ता, शेंगदाणा आहे’ एवढं लिहायला दुकानदाराला खडूही जास्त लागणार नाही.

आणि तरी चूक होतेच. तेव्हा काय करायचं, यात आपण सर्वांत मागे आहोत. गांधी उठल्या आणि त्याबरोबर धाप, आवाज बसणं, वारंवार उलट्या किंवा गरगरणं यांतलं काहीही असेल, तर ते पित्त नव्हे, अॅनाफिलॅक्सिस आहे. ॲलर्जीच्या या जीवघेण्या झटक्यावर पहिलं औषध एकच: ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एव्हिलने खाज थांबते. आवळलेला घसा मोकळा होत नाही की घसरलेलं ब्लडप्रेशर चढत नाही. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात. पण ॲड्रेनालिन म्हटलं की आमच्याच व्यवसायातल्या अनेकांचा हात थबकतो, कारण ते हृदय बंद पडल्यावर द्यायचं औषध म्हणून डोक्यात बसलं आहे. स्नायूत योग्य मात्रेत दिलेलं ॲड्रेनालिन मुलांना आणि मोठ्यांनाही सुरक्षित आहे. हात थरथरतात, छाती धडधडते, थोड्या वेळाने उतरतं.

पाश्चात्त्य देशांत रुग्णाच्या खिशात पेनासारखं स्वयंचलित इंजेक्शन असतं, २०२४ साली अमेरिकेत नाकातला फवाराही मंजूर झाला. आपल्या मेडिकल स्टोअरमध्ये ही साधनं सहजी मिळत नाहीत. काचेची अँप्यूल मात्र मिळते, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि कमालीची स्वस्त आहे. कोविडची लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं होतं ते आठवतं? ते याच झटक्याच्या भीतीने, आणि तिथल्या पेटीत हीच अँप्यूल होती. गावोगावच्या लसीकरणाच्या पेटीत ती आजही असते. नर्सताईंना जे शिकवता येतं ते दोन मुलांच्या आईला शिकवता येतं. मी अशा पालकांना अँप्यूल, एक मिलिची सिरिंज आणि सुई यांचा डबा करून देते आणि साध्या पाण्यावर सराव करून घेते. एका मिलित एक मिलिग्रॅम औषध असतं. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलि. घाबरलेल्या हाताने काच फोडून औषध ओढणं अवघड आहे, मान्य. पण रिकाम्या हातापेक्षा बरं.

ॲलर्जीच नाहीशी करण्याचं काय, हे हमखास विचारलं जातं. सुक्यामेव्याची ॲलर्जी वाढत्या वयात आपोआप जाणारी मुलं दहात एखादं. इस्रायलमध्ये काजूचीच मात्रा महिनोन्महिने हळूहळू वाढवून सवय लावण्याचा प्रयोग ५० जणांवर झाला, ४४ जणांना भरपूर काजू सोसू लागले. पण ही सवय रोज खाऊन टिकवावी लागते आणि वाटेत झटके येतात. ओमालिझुमॅब हे इंजेक्शन २०२४च्या फेब्रुवारीत अमेरिकेत अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर झालं. त्याच्या चाचणीत साधारण चार काजूंइतकं प्रथिन ४१ टक्के रुग्णांना सोसलं, खोट्या औषधावर ३ टक्क्यांना. म्हणजे चुकून पोटात गेलं तर बचाव, काजू कतली खायचा परवाना नव्हे. आपल्याकडे ते दमा आणि जुनाट गांधींसाठी वापरात आहे, आणि महिन्याचं बिल ऐकून पालक गप्प होतात.

तोवर डब्याच्या झाकणावर चिकटवायला माझ्याकडे एक कागद असतो, मराठीत, मोठ्या अक्षरात. शाळेतल्या बाईंना आणि आजोबांना चष्म्याशिवाय वाचता यावा असा. मुलाचं नाव, वजन (समजा वीस किलो), काजू आणि पिस्ता. लक्षणं दिसताच ०.२ मिलि, कपड्यावरून दिलं तरी चालेल. आडवं निजवा, पाय उंच करा. धाप असेल तर बसतं ठेवा, पण उभं करून चालवू नका. १०८ला फोन. पाच ते पंधरा मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या आणि काही तास तिथेच थांबा, कारण उतरलेला झटका पुन्हा येऊ शकतो.